बाहेरून बायबल वाचताना

ख्रिस्ती नसलेला माणूस बायबल अभ्यासायला घेतो, तेव्हा तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबतो. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तयच्या शुभवर्तमानातले पाच ते सात हे अध्याय, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, वैऱ्यावर प्रीती करा, उद्याची चिंता करू नका. मी धर्मांच्या तौलनिक अभ्यासात बरीच वर्षं आहे, स्वतः ख्रिस्ती नाही, आणि या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांसोबत हे तीन अध्याय वारंवार वाचते. ते आजही मला आतून हलवतात. तरीही तेवढ्यावर थांबलात, तर ख्रिस्ती माणूस त्याच पुस्तकात काय वाचतो याचा तुम्हाला पत्ता लागणार नाही. बाहेरच्या वाचकाला आधी शिकवण दिसते. आतल्या वाचकाला आधी एक घटना दिसते: एक मृत्यू, आणि त्यानंतरचं पुनरुत्थान. हा फरक पहिल्या महिन्यातच नीट कळला, तर पुढची वर्षं सत्कारणी लागतात.

गांधीजींचीच आत्मकथा घ्या. लंडनमध्ये शिकत असताना एका ख्रिस्ती गृहस्थाच्या सांगण्यावरून त्यांनी बायबल वाचायला घेतलं. उत्पत्तीनंतरचे अध्याय वाचताना झोप येई आणि ‘गणना’ हे पुस्तक तर आवडलंच नाही, असं ते मोकळेपणाने लिहितात. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, मात्र वेगळा वाटला आणि डोंगरावरचं प्रवचन थेट काळजाला भिडलं. त्यांनी ते गीतेशी ताडून पाहिलं. पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती स्नेह्यांशी दीर्घ चर्चा झाल्या, तेव्हाची त्यांची भूमिका स्पष्ट आहे. येशू हुतात्मा होता, त्यागाची मूर्ती होता, थोर गुरू होता, हे त्यांना मान्य. क्रूसावरचं मरण हा जगापुढचा मोठा आदर्श, हेही मान्य. पण त्या मरणात काही गूढ, अलौकिक सामर्थ्य आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं नाही. ही पानं जरूर वाचा, कारण आपण कुठवर जातो आणि कुठे थांबतो हे गांधीजी नेमकं सांगतात. त्यांच्या स्नेह्यांसाठी खरी गोष्ट तिथूनच सुरू होत होती.

ती कशी, हे पाहायचं असेल तर प्रेषितांचा मतांगीकार वाचा. अनेक चर्चमध्ये उपासनेच्या वेळी सगळे मिळून म्हणतात तो हा श्रद्धेच्या कबुलीचा छोटासा मजकूर. कुमारी मरियेपासून जन्मला, असं म्हटल्यावर पुढचंच वाक्य पंतय पिलाताच्या (रोमी सुभेदाराच्या) अमलाखाली दुःख भोगलं, असं येतं. मधे काही नाही. दाखले, म्हणजे येशूच्या बोधकथा, नाहीत, प्रवचन नाही, रोग्यांना बरं करणं नाही. आपल्याला ज्या येशूची ओढ वाटते, त्याचं अख्खं सार्वजनिक आयुष्य त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहिलं आहे. विद्यार्थ्यांना मी हा मजकूर पहिल्याच भेटीत देते आणि मधे काय गळलं ते विचारते. उत्तर सापडलं की वर्गात एकदम शांतता होते.

आता वाचनाचा क्रम. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत जायचं, हा बेत बहुतेकांचा लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या आसपास मोडतो. मुळात हे एक पुस्तक नाही, तो ग्रंथसंग्रह आहे, आणि त्याची यादीही सर्वत्र सारखी नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये ७३, इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत ८१. अध्यायांची सध्याची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या कराराचे आजचे वचनक्रमांक १५५१ मधले. म्हणून एखादं वचन एकटंच उचलून त्यावर मत बनवू नका. ते क्रमांक मूळ लेखकाने घातलेले नाहीत.

सुरुवात मार्कपासून करा. सोळा अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत जुनं, इसवी सन ७० च्या आगेमागे लिहिलेलं. एका बैठकीत मोठ्याने वाचा, दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. हाती पेन्सिल ठेवा आणि काळाचा उल्लेख आला की समासात खूण करा. पहिल्या दहा अध्यायांत येशू गावोगाव फिरतो आहे, दिवसांचा हिशेब धड लागत नाही. अकराव्या अध्यायात तो यरुशलेमेत शिरतो आणि कथेचा वेग पडतो. ‘दुसऱ्या दिवशी’, मग ‘सकाळी’, मग ‘वल्हांडण दोन दिवसांवर आला होता’ (वल्हांडण हा यहुदी सण). पंधराव्या अध्यायात तर प्रहर मोजले जातात, तेही सूर्योदयापासून: तिसऱ्या तासाला क्रूसावर चढवलं, सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार पडला. सोळापैकी शेवटचे सहा अध्याय जेमतेम एका आठवड्याचे. लेखकाला काय सांगायचं आहे, हे त्याने कुठे किती वेळ घालवला यावरून कळतं, त्यासाठी भाष्यकाराची गरज लागत नाही. शेवटही बारकाईने पाहा. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत प्रतिष्ठित हस्तलिखितांत मार्क १६:८ पाशी संपतो. स्त्रिया रिकाम्या कबरेजवळून पळून जातात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. त्यापुढची वचनं आजच्या छापील प्रतींत अनेकदा कंसात असतात, ती याचमुळे.

मार्कनंतर पौलाचं, म्हणजे येशूनंतर त्याचा संदेश पसरवणाऱ्या प्रेषिताचं, करिंथकरांस पहिलं पत्र. पुष्कळांना हे ठाऊक नसतं, पण पौलाची पत्रं शुभवर्तमानांच्या आधीची आहेत, साधारण इसवी सन ५० ते ६० च्या दशकातली. म्हणजे ख्रिस्ती लेखनातला आपल्या हाती असलेला सर्वांत जुना आवाज पौलाचा. आणि हा पौल येशूचा एकही दाखला सांगत नाही. घटस्फोटाविषयीची आज्ञा, शेवटच्या भोजनाचे शब्द, असं मोजकंच काही तो प्रभूचं म्हणून उद्धृत करतो. पंधराव्या अध्यायात मात्र तो ठासून म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. हे वाक्य वाचून घाईने पुस्तक मिटू नका. तुम्ही ते मान्य करावं अशी अपेक्षा नाही, पण लिहिणाऱ्याने सगळं कशावर पणाला लावलं आहे ते इथे उघड दिसतं.

हे उलट्या बाजूलाही ताणू नये. शिकवण ख्रिस्ती लोकांना दुय्यम वाटते, असा निष्कर्ष साफ चुकीचा ठरेल. कर्मांशिवाय विश्वास मृत आहे, हे याकोबाच्या पत्रातलंच वचन आहे, आणि क्वेकर व मेनोनाइट पंथांनी डोंगरावरचं प्रवचन अक्षरशः पाळण्यासाठी युद्धाला नकार दिला. प्रश्न क्रमाचा आहे. श्रद्धावंतासाठी शिकवणीला अधिकार त्या घटनेतून येतो.

जुन्या कराराकडे या टप्प्यावर वळा. उत्पत्ती, निर्गम, काही स्तोत्रं, आमोस, यशया. इथे आणखी एका वाचकाला सोबत घ्यावं लागतं, तो म्हणजे यहुदी वाचक. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, त्यातली ३९ पुस्तकं यहुदी परंपरेत २४ म्हणून मोजली जातात. मजकूर तोच, मांडणी वेगळी. ख्रिस्ती मांडणी मलाखीच्या भविष्यवाणीपाशी संपते आणि पान उलटताच मत्तय येतो. यहुदी मांडणी इतिहासाच्या पुस्तकाने संपते, यरुशलेमेला परत जाण्याच्या आज्ञेपाशी. नुसत्या क्रमाने गोष्टीचा रोख बदलतो.

एक उतारा जवळून पाहू. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात राजा हेरोदाच्या भयाने बालक येशूला मिसर (इजिप्त) देशात नेतात आणि लेखक म्हणतो, ‘मी आपल्या मुलाला मिसरातून बोलावले’ हे संदेष्ट्याचं वचन पूर्ण झालं. आता ते वचन जिथलं आहे तिथे जा, जुन्या करारातल्या होशेय ११:१ पाशी. तिथे मुलगा म्हणजे इस्राएल राष्ट्र आहे, आणि वाक्य भविष्याचं नसून मोशेच्या काळातल्या, मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या आठवणीचं आहे. बाहेरचा नवखा वाचक इथे पटकन म्हणतो, मत्तयने संदर्भ मोडला. थोडं थांबा. मत्तयचे पहिले वाचक ही आठवण जाणत असण्याची शक्यता मोठी आहे. लेखकाला सांगायचं आहे ते हे की, राष्ट्राचा सगळा प्रवास या एका मुलात पुन्हा घडतो आहे. पटो न पटो, ही वाचनाची एक पद्धत आहे, आणि ती ओळखता आल्याशिवाय नवा करार उलगडत नाही. यशयाच्या ५३ व्या अध्यायातला दुःखी सेवक कोण, यावर तर शतकानुशतकं वाद आहे. ख्रिस्ती वाचकाला तिथे येशू दिसतो. यहुदी परंपरेत, विशेषतः मध्ययुगापासून, सेवक म्हणजे इस्राएल हे वाचन प्रबळ आहे. दोन्ही वाचनं शेजारी शेजारी ठेवून वाचा, निवाडा करायची घाई नको.

यहुदी अभ्यासकांमुळे माझं वाचन सुधारलं ते आणखी एका बाबतीत. आपल्याला वाटतं की शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही येशूची नवी शिकवण. ती लेवीय १९:१८ मधली आहे, त्याच्या कित्येक शतकं आधीची. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही असंच होतं; शोमरोनी म्हणजे यहुद्यांना परका असलेल्या जमातीचा माणूस, आणि तोच जखमीला मदत करतो. वाटेत अर्धमेला पडलेल्या माणसाला टाळून याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) निघून जातात, याचं कारण म्हणून ‘शुद्धतेचे नियम’ हे उत्तर सर्रास दिलं जातं. हा दाखला ज्यात आहे त्या लूकच्या शुभवर्तमानाचा मजकूर तसं काही म्हणत नाही. उलट तो याजक रस्त्याने खाली उतरत होता, म्हणजे मंदिराकडे नव्हे तर मंदिरापासून दूर चालला होता. मिश्ना या यहुदी नियमांच्या प्राचीन संग्रहातला नियम तर असा की बेवारस प्रेत दिसलं तर महायाजकानेही त्याला मूठमाती द्यावी, आणि हा माणूस अजून जिवंत होता. यहुदी धर्म कोरडा आणि येशू दयाळू, ही सोपी विभागणी मनातून काढून टाका. येशू यहुदीच होता आणि त्याचे वाद घरातले होते.

याच दाखल्यावर एका चर्चच्या अभ्यासवर्गात झालेली चर्चा मला फार मोलाची वाटते. मी अर्थातच शोमरोन्याबद्दल बोलले, परक्याला मदत करणं वगैरे. शेजारी बसलेल्या वयस्कर बाई म्हणाल्या, “मी हे वाचते तेव्हा मी नेहमी त्या रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या जागी असते.” पुढे ऑगस्टीन हा प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक वाचला तेव्हा कळलं की हे वाचन फार जुनं आहे. त्याच्या मते जखमी माणूस म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, आणि ज्या उतारशाळेत त्याला ठेवलं ती म्हणजे मंडळी, अर्थात चर्च. आपण विचारतो, मी काय करावं? त्या बाई विचारत होत्या, मला कोणी उचललं?

म्हणून श्रद्धावंतांबरोबर बसून वाचणं टाळू नका. आपण कोण, कशासाठी आलो, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, त्यामुळे दोन्हीकडचा अवघडलेपणा जातो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी जागेवरच बसून राहिलात तरी कोणी वावगं मानत नाही, बऱ्याच मंडळ्यांत ते बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठीच असतं. उपासनेत जुन्या करारातला उतारा, स्तोत्र, पत्रातला उतारा आणि शुभवर्तमान कसे जोडून वाचतात, ते टिपून ठेवा. त्या जोडणीतच अर्थ लावण्याची पद्धत असते. आणि “तुम्ही यावर खरंच विश्वास ठेवता का?” असं विचारण्यापेक्षा “हा उतारा तुम्हाला कधी लागतो?” असं विचारा. उत्तरं फार वेगळी येतात.

बाहेरचे सगळे वाचक एकसारखे नसतात, हेही ध्यानात असू द्या. मुस्लिम वाचक इसा आणि मरियम यांना ओळखतच येतो, कुराणातली एक सूरा मरियमच्याच नावाची आहे. त्याचा मतभेद शिकवणीवर नसून थेट क्रूसाच्या घटनेवर आहे, कारण कुराण ४:१५७ तीच नाकारतं. बौद्ध वाचनाचा उत्तम नमुना म्हणजे १९९४ मध्ये दलाई लामांनी लंडनमध्ये ख्रिस्ती श्रोत्यांसमोर शुभवर्तमानांतल्या निवडक उताऱ्यांवर केलेलं विवेचन. साम्यं दाखवताना फरक पुसायचे नाहीत, ही त्यांची काळजी शिकण्यासारखी आहे.

पुढे याच विषयात राहायचं असेल तर आधी नव्या कराराची ग्रीक शिका, हिब्रू नंतर. ग्रीकमध्ये मार्क वाचण्याइतकी गती नेटाने एक-दोन वर्षांत येते.

पहिला दीर्घ निबंध राममोहन रॉय आणि जोशुआ मार्शमन यांच्या वादावर लिहा, असं मी प्रत्येकाला सुचवते. १८२० मध्ये रॉय यांनी शुभवर्तमानांतली येशूची नीतिवचनं वेगळी काढून कलकत्त्यात प्रसिद्ध केली, चमत्कार आणि सिद्धान्त बाजूला ठेवून. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनचे मार्शमन अस्वस्थ झाले. येशूच्या मरणाने झालेलं पापांचं प्रायश्चित्त आणि ख्रिस्ताचं देवत्व काढून उरतं ते ख्रिस्ती धर्म नव्हे, असं त्यांचं म्हणणं. रॉय यांनी १८२० ते १८२३ दरम्यान तीन निवेदनांतून उत्तर दिलं, तेही ग्रीक आणि हिब्रू मजकूर धुंडाळून. तिसऱ्याच्या वेळी कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन छापखान्याने छपाईला नकार दिला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या छापखान्याची सोय केली. दोघेही विद्वान, दोघेही मनापासून बोलणारे, आणि दोन्ही बाजूंचं लेखन आज वाचायला मिळतं. आधी रॉय यांनी काय वगळलं त्याची यादी करा. मग मार्शमन कोणत्या उताऱ्यांसाठी भांडले ते तिच्या शेजारी लिहा.