विमा एजंटांनो, कंपनी बदलायची असेल तर राजीनाम्याचा अर्ज मृगात द्या

एक विमा कंपनी सोडून दुसरीत जाऊ पाहणाऱ्या दारव्हा-दिग्रस भागातल्या एजंटांचे मला फोन येतात, तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, मॅनेजर साहेब सोडून नाही राहिले." सोडणं न सोडणं मॅनेजरच्या हातात नाहीच, हे आधी डोक्यात पक्कं करा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१६ साली एजंट नेमणुकीचे नियम केले. त्यांनुसार एजंटने नेमणूकपत्र आणि ओळखपत्र परत केलं, की कंपनीने १५ दिवसांच्या आत एजन्सी संपल्याचा दाखला द्यायचा असतो. नमुना आय-सी म्हणतात तो हाच. आपल्याकडे सगळे त्याला एनओसी म्हणतात.

पण सोडायची खरंच गरज आहे का, ते आधी बघा. एक आयुर्विमा कंपनी, एक साधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी अशा तिघांचं काम एकाच वेळी करायला कायद्याची मुभा आहे. तुम्ही आयुर्विमा विकता आणि गावातल्या पोरांच्या मोटारसायकलींचा विमाही करायचा म्हणता, तर जुनी एजन्सी सोडू नका, दुसरी जोडून घ्या. चालत नाही ते दोन आयुर्विमा कंपन्यांचं काम. बायकोच्या नावावर दुसऱ्या कंपनीचा एजंट कोड काढून स्वतःच गावं फिरणारेही आहेत. ते करू नका. उद्या पॉलिसीत काही वाद निघाला, तर सही केलेली ती बाई उत्तरं देत बसेल.

आता वेळेचं. दाखल्याच्या तारखेपासून ९० दिवस झाल्याशिवाय नवी कंपनी तुमचा अर्ज विचारात घेऊ शकत नाही. हे तीन महिने कमाईविना जातात, म्हणून ते कोणत्या महिन्यांत पडतील हे आपणच ठरवायचं. आपल्या भागात दसऱ्याला सोयाबीन बाजारात जातं, दिवाळीपासून कापसाचा पैसा येतो, मार्चपर्यंत हरभरा-गहू. घरात पैसा दिसतो तेव्हाच लोक नवी पॉलिसी घेतात. मृग लागला की सगळा पैसा बियाणं, खत आणि फवारणीत जातो, आणि पोळ्यापर्यंत विम्याचं नाव काढायला कुणाला सवड नसते. म्हणून राजीनाम्याचा अर्ज जूनच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. समजा १० जूनला दिला आणि २५ जूनला दाखला आला, तर ९० दिवस २३ सप्टेंबरला भरतात. नव्या कंपनीची कागदपत्रं होईपर्यंत सोयाबीन मार्केटला निघालेलं असेल. साहेब म्हणतील, "दिवाळीपर्यंत थांब, मग बघू." दिवाळीला अर्ज दिला तर अख्खा हंगाम हातचा जातो.

अर्ज देण्याआधी घरी बसून काही कामं उरका. कंपनीसोबत केलेला करार पूर्ण वाचा. नूतनीकरणाचं कमिशन, म्हणजे जुन्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांवरचं, एजन्सी सोडल्यानंतर मिळतं का, किती वर्षांच्या कामानंतर मिळतं, आगाऊ दिलेले पैसे परत मागतात का, हे त्यात असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. कमिशनची विवरणपत्रं आणि टीडीएसचे, म्हणजे कमिशनमधून कापलेल्या कराचे, फॉर्म १६ए डाउनलोड करून ठेवा, कारण एकदा कोड बंद झाला की कंपनीचं ॲप उघडत नाही. पॉलिसीधारकांचे आधार-पॅनचे झेरॉक्स मात्र तुमचे नाहीत. ते शाखेत जमा करा. आणि कुणी कापूस विकून रोख हप्ता हातात दिला असेल, तर तो आधी भरून पावती त्या घरी पोचवा. एकही रुपया अडकलेला दिसला, तर दाखला लांबवायला कारण मिळतं.

अर्ज कंपनीच्या एजन्सी पाहणाऱ्या नियुक्त अधिकाऱ्याच्या नावे लिहा, मॅनेजरला फक्त प्रत द्या. मजकूर चार ओळींचा पुरे: "मी, एजंट कोड अमुक, आजच्या तारखेपासून एजन्सीचा राजीनामा देत आहे. मूळ नेमणूकपत्र व ओळखपत्र सोबत जमा करीत आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे १५ दिवसांत नमुना आय-सी मधील दाखला द्यावा." कारण लिहू नका. रागही लिहू नका. मूळ कागद देण्याआधी त्यांचे झेरॉक्स काढा. यवतमाळच्या शाखेत अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. "ठेवून जा, मी पाठवतो" म्हणाले तर ठेवून येऊ नका, तिथूनच पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्याच दिवशी नोंदवलेल्या ईमेलवरूनही पाठवा. पंधरा दिवस या तारखेपासून मोजायचे आहेत, म्हणून एवढा आग्रह.

मुदत उलटली तर फोन करत बसू नका. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी स्मरणपत्र द्या, आणि तरीही हालचाल नसेल तर सगळ्या पोचपावत्या जोडून हैदराबादला आयआरडीएआयकडे लिहा. त्यांचं बिमा भरोसा पोर्टल पॉलिसीधारकांच्या तक्रारींसाठी आहे, तिथे एजन्सीचं भांडण नेऊ नका.

दाखला आला की नाव, पॅन, कोड आणि तारीख तिथल्या तिथे तपासा. बायांनी जास्त नीट बघावं. पॅनवर माहेरचं नाव, नेमणूकपत्रावर सासरचं, असं पुष्कळ जणींचं असतं, आणि नवी कंपनी पॅनवरूनच एजंटांच्या यादीत तुमचं नाव शोधते. जुन्या कंपनीने तिथून नाव काढलं की नाही, हेही विचारून घ्या.

या तीन महिन्यांत कुणाकडून हप्ता घेऊ नका. घरोघरी जाऊन सांगा की हप्ता आता शाखेत किंवा ऑनलाइन भरायचा, ठरलेली तारीख चुकली तरी वार्षिक आणि सहामाही हप्ता भरायला ३० दिवसांची सवलत असते, मासिकला १५. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करून द्या. आणि नव्या कंपनीत गेल्यावर त्यांची जुनी पॉलिसी मोडायला लावू नका. जुनी मोडायला भाग पाडून तीन वर्षांच्या आत आपल्याकडून नवी घ्यायला लावणं एजंटच्या आचारसंहितेत मना आहे, आणि पहिल्या काही वर्षांत मोडलेल्या पॉलिसीचे भरलेले पैसेही पुरते परत येत नाहीत. ज्या घराने तुमच्या शब्दावर कापसाचे पैसे दिले, त्याचं हे नुकसान तुमच्या हातून होता कामा नये.

मधल्या काळात एखाद्या घरी मृत्यू झाला तर कोड बंद आहे म्हणून मागे राहू नका. दाव्याचा अर्ज नॉमिनी, म्हणजे पॉलिसीत नाव लिहिलेला वारसदार, थेट शाखेत देऊ शकतो. मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र आणि बँक पासबुक एका पिशवीत घाला, आणि त्या नॉमिनीसोबत शाखेत जा.