रोप मान टाकतंय म्हणून झारी उचलू नका

झड लागली की शेडनेटमधल्या, पॉलिहाऊसमधल्या किंवा पडवीत ठेवलेल्या मिरची-टोमॅटोच्या ट्रेवर बारीक काळी चिलटे दिसतात. ट्रे हलवला की उडतात आणि पुन्हा कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) बसून पळतात. हीच फंगस नॅट. उडणारी माशी रोप खात नाही, खाते तिची अळी. पारदर्शक अंग, चकचकीत काळे डोके, लांबी जेमतेम 5 मिमी. वरच्या 2-3 सेंमी थरात ती शेवाळ-बुरशीवर जगते, मग कोवळी मुळे कुरतडते. त्या जखमांतून पिथियम, फ्युजॅरियम या रोगकारक बुरशी शिरतात आणि रोप बुडाशी कोलमडते.

घात होतो तो पुढे. मुळे तुटली म्हणून रोप मान टाकते, आणि ते पाहून आणखी पाणी घातले जाते. कोकोपीट आधीच ओले, अळीची चंगळ. ट्रेच्या ट्रे असे जातात आणि दोष बियाण्याला लागतो. पाणी घालण्याआधी ट्रे उचलून पाहा. जड लागला तर पाणी नको म्हणजे नको. चिमूटभर कोकोपीट दाबून थेंब आला तर त्या दिवशी झारी बाजूलाच. वरचा थर गडद तपकिरीचा फिकट झाला की मगच पाणी, तेही सकाळी. संध्याकाळच्या पाण्याने वरचा थर रात्रभर ओला राहतो.

खात्रीसाठी बटाट्याच्या 1 सेंमी जाड चकत्या कोकोपीटवर टेकवून ठेवा. 2-3 दिवसांनी उलटा. अळ्या खालच्या बाजूला जमतात.

बाकीची कामे:
- ट्रे विटांवर किंवा स्टँडवर
- खालचे शेवाळ खरवडणे, साचलेले पाणी काढणे
- अर्धकच्चे शेणखत, पेंड ट्रेत नको
- बी उगवताच वरचा काळा कागद काढणे
- पिवळे चिकट सापळे कोकोपीटलगत, आडवे

अळी मारायला दुकानात ‘बीटी’ (अळ्या मारणारी जिवाणूंची पावडर) मागितली तर बहुधा तिचा कुर्स्टाकी हा प्रकार हातात पडतो. तो पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी, इथे निरुपयोगी. पाकिटावर ‘इस्रायलेन्सिस’ हा शब्द वाचूनच घ्या. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तीच. ट्रेसाठीची मात्रा पाकिटावर नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा. अंडी आणि कोष तिने मरत नाहीत, म्हणून 7 दिवसांच्या अंतराने 3 वेळा. ती मिळाली नाही तर अझाडिरॅक्टिन (कडुनिंबाचा अर्क) 10,000 पीपीएम, 2 मिली प्रति लिटर पाणी, आळवणी. रोपे कोलमडत असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक 3 ग्रॅम प्रति लिटर, पण त्याने अळी मरत नाही. ह्युमिक, ‘रूटिंग’ची महागडी बाटली मात्र घेऊ नका. मुळे कुरतडली जात असताना टॉनिक पिणार कोण?

टोमॅटो 25 दिवसांत ट्रेतून निघतो, मिरची 40 दिवस राहते. माशीची पिढी साधारण 3-4 आठवड्यांची, त्यामुळे दुसऱ्या पिढीचा मार मिरचीलाच जास्त बसतो असा आमचा अंदाज आहे. मिरचीच्या ट्रेत चौथ्या आठवड्यात बटाट्याच्या चकत्या पुन्हा ठेवा.