डोमेनवरून वकिलाची नोटीस आली तर काय काय हाताशी हवं

पाकीट फेकू नका. मिळाल्याची तारीख त्यावर घाला. ईमेलवर आली असेल तर ती आहे तिथेच राहू द्या. एवढं सगळ्यांना कळतं, म्हणून पुढे जातो.

पहिलं काम: डोमेन, म्हणजे तुमच्या साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते बघा. दुकान तुमचं, पाटी तुमची, जीएसटी तुमचा, आणि डोमेन? बेळगावात विचारा नाहीतर खानापूर-निपाणीत, उत्तर ठरलेलं. साइट करून दिली कुणाच्या तरी भाच्यानं, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डावरून. भाचा आता पुण्यात नाहीतर बेंगळुरूत नोकरीला. दरवर्षी तुम्ही त्याला पैसे पाठवता, तो रिन्यू करतो, आणि तुम्हाला वाटतं डोमेन आपलं आहे. नोंदीत त्याचं नाव आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा ईमेल आहे. रीतसर तक्रार झाली की तिची सूचना त्या ईमेलवर जाते. आमच्या वेळी वकिलाच्या पत्राला झकास उत्तर तयार झालं, दुकानाचे सगळे कागद फायलीत लागले, आणि खरी तक्रार कुणी उघडत नसलेल्या एका इनबॉक्समध्ये पडून राहिली.

डॉट कॉमच्या तक्रारी यूडीआरपी नावाच्या पद्धतीनं चालतात. जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेनं ती १९९९ मध्ये आणली. तक्रार सुरू झाल्यापासून उत्तराला २० दिवस मिळतात, मागितल्यास आणखी ४. हे दिवस तुम्ही ईमेल वाचल्यापासून मोजत नाहीत. भाचा सुट्टीवर होता, पासवर्ड विसरला होता, हे तिथं कुणी ऐकून घेत नाही. उत्तर आलं नाही की समोरच्याच्या कागदांवर निकाल लागतो.

म्हणून नोटीस अजून आली नसेल तर आजच नाव, ईमेल आणि ओटीपीचा मोबाइल स्वतःचा करून घ्या की. नाव बदललं की बहुतेक ठिकाणी ६० दिवस ते डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, तेवढं ध्यानात असू द्या. नोटीस आली असेल तर मात्र घाईनं नाव बदलायला जाऊ नका. नोटिशीनंतर मालक बदलला की समोरचा वकील म्हणणार, पळवापळवी चाललीय. तक्रार दाखल झाल्यावर तर डोमेनला कुलूपच लागतं. अशा वेळी भाच्याकडून सहीचं पत्र घ्या: डोमेन अमक्या दुकानासाठी घेतलं, पैसे दुकानानं दिले, मी नावापुरता. सोबत त्याला पाठवलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी. आणि तो ईमेल रोज उघडायला लावा, स्पॅमसकट.

आता आलंय काय ते ओळखा. ‘तुमच्या नावाचं डोमेन चीनमध्ये कुणीतरी घ्यायलाय, लगेच संपर्क करा’ असा ईमेल असेल तर तो जुना फसवणुकीचा धंदा आहे. सोडून द्या. वकिलाचं पत्र असेल तर त्यातली ७ किंवा १५ दिवसांची मुदत त्या वकिलानं घातलेली असते, कायद्यानं नाही. तरीही गप्प बसू नका. यूडीआरपीची तक्रार असेल तर ते २० दिवस खरे. डॉट इनची असेल तर ती निक्सीच्या (डॉट इनचा कारभार बघणारी संस्था) आयएनडीआरपी या तक्रारपद्धतीखाली लवादापुढे जाते, मुदत सूचनेत लिहिलेली असते, पाळायची. कोर्टाचं समन्स असेल तर हे वाचत बसू नका, वकिलाकडे जा.

डॉट कॉम आणि डॉट इनमध्ये एक फरक आहे. डॉट कॉममध्ये तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर हक्क किंवा रास्त संबंध नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूनं घेतलं व वाईट हेतूनंच वापरलं. डॉट इनमध्ये या शेवटच्या ‘व’च्या जागी ‘किंवा’ आहे. घेताना मन साफ होतं एवढ्यावर तिथं भागत नाही.

मग त्यांचा ट्रेडमार्क तपासा. सरकारी ट्रेडमार्क नोंदवहीत शोध फुकट आहे. नोंदणी झालीय, नुसता अर्ज पडलाय, आक्षेप आलाय, की अर्ज केव्हाच निकालात निघालाय? रुबाबदार लेटरहेडवरच्या नोटिशीमागे कधी कधी नुसता अर्ज असतो. वर्ग बघा: मिठाई ३० मध्ये, कपडे २५ मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. ते कधीपासून वापर सांगतात ती तारीख बघा. तुमचा वापर त्यांच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीचा असेल तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ तुमच्या बाजूचं. दुकानाला स्वतःचं नाव किंवा आडनाव प्रामाणिकपणे लावलं असेल तर कलम ३५. पोकळ धमक्यांविरुद्ध कलम १४२ खाली दावा लावता येतो, पण ती खुमखुमी वकिलाला विचारून.

तुमचे कागद. इथं सीमाभागातल्या माणसाची खरी अडचण सुरू होते. पाटी मराठीत, महापालिकेचं ट्रेड लायसन्स कन्नडमध्ये, बिलबुक इंग्रजीत, आणि तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग वेगळं. समजा दुकान कुंद्याचं (बेळगावची मिठाई) आहे आणि नाव आडनावावरून. लायसन्सवर कन्नडमधून इंग्रजीत उतरवलेलं नाव एक, पॅनवर दुसरं, डोमेनमध्ये तिसरं. लांबच्या लवादाला ही तीन वेगळी दुकानं वाटतात. त्यात गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे इंग्रजीत जुन्या कागदावर बेलगाम, नव्यावर बेळगावी. डोमेनमध्ये जुनं स्पेलिंग असेल तर बिघडत नाही, पण दोन्ही एकच गाव हे उत्तरात एका ओळीत सांगा. यूडीआरपीची भाषा सहसा डोमेन घेतानाच्या कराराची असते, म्हणजे बहुधा इंग्रजी. कन्नड लायसन्स आणि मराठी जाहिरात तशीच जोडली तर तिथं वाचणार कोण? इंग्रजी भाषांतर आताच करून ठेवा, २० दिवसांतले ४ दिवस त्यातच जातात.

काय काय जोडायचं: डोमेन पहिल्यांदा घेतल्याची पावती, होस्टिंगची बिलं, जुनी कॅरीबॅग, दिवाळीला वाटलेलं कॅलेंडर (तारीख छापलेला याहून स्वस्त पुरावा नाही), वर्तमानपत्रातल्या जाहिराती, वेबॅक मशीनवर (साइटच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी साइट) तुमची साइट कधीपासून दिसते ते. आणि पावतीवर नाव कोणाचं? भाच्याचं असेल तर ते पत्र इथंही लागतं. ते घेतलं का?

नाव कसं सुचलं याचाही कागद हवा. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट हा खटला बेंगळुरूच्या कोर्टातून सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे तिथं २००४ मध्ये ठरलं. सिफीनेटवाल्यांचं म्हणणं होतं की नाव प्रवर्तकांच्या आद्याक्षरांवरून केलंय. ते पटलं नाही. तुमच्या आजोबांचं नाव खरंच असेल, पण आजोबांच्या नावाचं जुनं लायसन्स दाखवा.

फोन. कुणीतरी गोड आवाजात विचारेल, ‘विकायचंय का? किती पाहिजेत?’ आकडा सांगू नका. गमतीतही नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. खर्चापेक्षा जास्त किमतीला ट्रेडमार्कवाल्यालाच विकायला डोमेन घेतलं, हा वाईट हेतूचा पहिला पुरावा यूडीआरपीत लिहूनच ठेवलाय. आकडा त्यांनी आधी सांगितला तरी ‘लेखी पाठवा’ म्हणा आणि ठेवून द्या. स्टेटसला नोटिशीचा फोटो लावून ‘बघून घेऊ’ लिहिणारे आपल्याकडे कमी नाहीत. नका लावू.

साइटवरचं काही घाईनं पुसू नका, आधी तारखेसह स्क्रीनशॉट. डोमेन नुसतं पडून असेल आणि त्यावर आपोआप जाहिराती येत असतील तर त्या बंद करा, त्यात समोरच्याच्या धंद्यातला माल दिसला तर तो तुमच्याच गळ्यात.

वकील. आपल्या कोर्टात जमिनीचे आणि चेक परतीचे वकील उत्तम, त्यांनाच विचारा ट्रेडमार्क कोण करतं. दावा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ मुळे समोरच्याच्या गावच्या जिल्हा न्यायालयातही लागू शकतो. कुठल्या कोर्टात जाणार याचा अंदाज असेल तर कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज) घालून ठेवा, ते ९० दिवस चालतं.

उत्तर छोटं. आरोप नाकारा, वापर कधीपासून ते सांगा, कागद जोडा. रडगाणं नको, माफी नको, ‘बदलून टाकतो’ नको. यूडीआरपीत एकच परीक्षक असेल तर फी तक्रारदाराची, तीन मागितले तर तुम्हालाही वाटा. उत्तर पाठवल्यावर पोच त्याच ईमेलवर येते. भाच्याच्या. बघायला सांगा.

तडजोड झाली तर लेखी, आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवायला काही महिने मागून घ्या. हरलात तर डॉट कॉममध्ये कोर्टात जायला कामकाजाचे १० दिवस मिळतात, डॉट इनमध्ये लवाद कायद्याखाली आव्हान. डोमेनवर चालणारे ईमेल त्याआधी हलवा: बँक, जीएसटी, गूगलवरचा दुकानाचा पत्ता. पाटी आणि बिलबुक नंतर बघता येतं.