कमी फीत चांगली बालवाडी कशी शोधायची

बालवाडीतून निवृत्त झाले तरी लोक मला अजून ताईच म्हणतात. पोर अडीच वर्षांचं झालं की ओळखीतले आईबाप फोन करतात, "ताई, कुठं घालू?" मी नाव सांगत नाही. कसं बघायचं ते सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की महाग तेच चांगलं. माँटेसरीबाईंनी 1907 साली आपलं पहिलं बालगृह उघडलं ते रोममधल्या सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तीत. मॅकमिलन भगिनींनी 1914 साली लंडनच्या डेप्टफर्डमध्ये उघड्या हवेतली शिशुशाळा काढली, तीही गरिबांच्याच मुलांसाठी. आपल्या ताराबाई मोडकांनी तर मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज जी माँटेसरी पद्धत मोठ्या फीवर विकली जाते, ती जन्मली अशा ठिकाणी. आणि पाटीवरच्या नावाला भुलू नका. 'माँटेसरी' या नावावर बहुतेक देशांत कुणाची मालकी नाही, ते कुणीही लावू शकतं. शिकवणाऱ्या ताईंनी प्रशिक्षण कुठं आणि किती काळ घेतलं, ते विचारा.

घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांत जे जे आहे त्याची यादी करा. सरकारी, पालिकेची, एखाद्या ट्रस्टची, कुणी घरात चालवते ती, कामाच्या ठिकाणचं पाळणाघर, सगळं लिहा. गल्लीतली चांगली बालवाडी जाहिरात करत नाही, म्हणून संध्याकाळी बागेत मुलांना घेऊन येणाऱ्यांना विचारा. लांबची शाळा मनातून लगेच खोडू नका, पण तीन वर्षांचं मूल रोज तासभर गाडीत बसणार असेल, तर तो तासही हिशेबात धरा.

आता भेट. स्नेहसंमेलनाच्या किंवा प्रवेशाच्या दिवशी जाऊच नका. साधा कामाचा दिवस बघून वेळ ठरवा आणि अर्धा तास कोपऱ्यात बसायची परवानगी मागा. 'वर्ग दाखवत नाही' असं उत्तर आलं आणि धड कारणही मिळालं नाही, तर मी तिथून उठेन.

बसलात की भिंतीकडं नंतर बघा, आधी कान द्या. ताईंच्या बोलण्यात हुकूम किती आणि गप्पा किती? "बस, गप्प, हाताची घडी" एवढंच ऐकू येतंय, की मूल "कावळा!" म्हणालं तर ताई "हो की, काय करतोय तो?" असं म्हणून उत्तराची वाट बघतात? ही वाट बघणंच सगळ्यात अवघड, आणि त्याला फी लागत नाही. मूल बोलतं, मोठं माणूस त्याला धरून पुढं बोलतं, मूल पुन्हा बोलतं, अशानंच भाषा वाढते. मग रडणारं मूल शोधा, एखादं असतंच. त्याला कोण जवळ घेतं? की रडून आपोआप थांबेल म्हणून सोडून देतात?

आता भिंत बघा. एकसारखी वीस बदकं चिकटवलेली असतील तर ती बाईंनीच केलीत, खुशाल समजा. वेडीवाकडी, प्रत्येकाची निराळी चित्रं असतील तर मुलांच्या हातात खरंच काही दिलं जातंय. खेळणी मुलांच्या हाताला येतात की कपाटावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीत? संडास उघडून बघा, लाजू नका. बाहेरचं दार मुलाला एकट्याला उघडता येत नाही ना, तेही बघा.

तीन वर्षांच्या मुलाकडून वहीभर अक्षरं गिरवून घेत असतील तर ते कौतुकाचं नाही. या वयात मनगटातल्या आठ हाडांपैकी जेमतेम दोन-चार टणक व्हायला लागलेली असतात, बाकी सगळी कूर्चा, म्हणजे अजून मऊच. माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं ही त्या हाताची खरी तयारी. प्रवेशासाठी मुलाचीच मुलाखत घेणाऱ्या शाळा मी सरळ वगळते.

मुलं मोजा. अमेरिकेतल्या एनएईवायसी या बालशिक्षणाच्या संस्थेचा निकष चार वर्षांच्या मुलांसाठी असा: दहामागे एक मोठं माणूस, आणि गटात वीसच्या वर मुलं नाहीत. कमी फीच्या ठिकाणी हा आकडा बऱ्याचदा पाळला जात नाही. मग मदतनीस आहे का आणि ताई मुलांचे लहान गट करतात का, ते पाहा. निघताना ताईंना आणि मावशींना एकच विचारा, "इथं किती वर्षं आहात?" दरवर्षी ताई बदलत असतील तर पगारात किंवा वागणुकीत काहीतरी खोट आहे.

पैशाचं बोलणं कार्यालयात करा आणि वर्षाचा पूर्ण हिशेब लेखी मागा. फी, प्रवेश, अनामत, गणवेश, पुस्तकं, गाडी, सहल, उशिरा नेल्याचा दंड, सगळं. सवलत स्वतःहून कुणी सांगत नाही, म्हणून "सवलतीच्या जागा आहेत का, हप्ते चालतील का" असं स्पष्ट विचारा. अर्ध्या दिवसाचा वर्ग कमी प्रतीचा असतो असं नाही. मिशिगनमधल्या इप्सिलांटीत 1962 साली सुरू झालेला पेरी प्रीस्कूलचा प्रसिद्ध प्रयोग रोज अडीच तासांचाच होता, जोडीला शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जायच्या. त्या मुलांचा पुढं चाळिशीपर्यंत मागोवा घेतला गेला आणि शिक्षण, कमाई दोन्हींत ती वर्गात न गेलेल्यांपेक्षा पुढं दिसली. मात्र तुम्ही दोघंही दिवसभर कामावर असाल तर उरलेल्या तासांना सांभाळणाऱ्याचा खर्च धरूनच तुलना करा. स्वस्त वाटणारी बालवाडी तिथं महाग पडते.

जागा नाही म्हणाले तर प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि वर्ग सुरू झाल्यावर महिन्याभरानं पुन्हा फोन करा, तेवढ्यात काही मुलं गळतात. तोवर चार-पाच घरं मिळून पाळीपाळीनं मुलं सांभाळता येतात. न्यूझीलंडमध्ये 1941 पासून आईबाप मिळून प्लेसेंटर चालवतात.

प्रवेश झाला की पहिले काही दिवस मूल दारात रडेल, त्यानं घाबरू नका. घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" विचारू नका, "कुणाबरोबर खेळलास?" विचारा. पण काही आठवड्यांनीही झोप उडत असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर आधी ताईंशी बोला. "सगळीच करतात" म्हणून त्यांनी विषय मिटवला, तर यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावा.