कोकणातल्या गावाचा इतिहास शोधताना: कुठलं दप्तर, कुठला कागद

गावाचा इतिहास शोधायला निघालेला माणूस बहुधा आधी गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजी अमलातला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, उघडतो. ते उघडावंच, पण त्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा: कोणत्या साली गाव कुणाच्या अमलात होतं. कोकणात एक खाडी ओलांडली की राज्य बदलायचं, आणि राज्य बदललं की दप्तरही बदलतं.

वसई १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती, म्हणून तिथले त्याआधीचे सरकारी कागद पणजीच्या पुराभिलेखागारात शोधावे लागतात. अलिबागचा मुलूख १८४० पर्यंत आंग्र्यांचा. मुरूड जंजिरा संस्थानात आणि सावंतवाडी स्वतःच संस्थान, तेही १९४८ पर्यंत. बाणकोट १७५६ च्या तहानेच इंग्रजांकडे गेलं. पेशव्यांच्या मुलखासाठी पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर. १८१८ नंतरच्या कंपनी आणि इंग्रज सरकारच्या पत्रव्यवहारासाठी मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार.

इथे बरेच जण जिल्ह्याच्या नावावर अडकतात. १९८१ पूर्वीचा रायगड ‘कुलाबा’ या नावाखाली मिळतो, सिंधुदुर्ग रत्नागिरीत आणि २०१४ पूर्वीचा पालघर ठाण्यात. पेशवाईतले तालुके तर किल्ल्यांच्या नावाने चालत: तालुके अंजनवेल, तालुके सुवर्णदुर्ग, तालुके विजयदुर्ग. एकाच नावाची गावं ढिगाने असल्यामुळे नुसत्या गावाच्या नावावर भरवसा ठेवू नका. तर्फ (तालुक्याखालचा काही गावांचा गट) आणि लगतच्या दोन-तीन गावांची नावं जुळली तरच कागद आपला.

गॅझेटिअरपैकी रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. बंदरातली आयात-निर्यात, मिठागरं, खाजणाचे बांध, जत्रा याबाबत ते फार उपयोगी आहेत. मात्र गावाच्या किंवा जातीच्या उगमाच्या कथा तिथे ऐकीव आहेत. त्या पुरावा म्हणून वापरू नका, ‘त्या काळी असं सांगत’ इतकंच म्हणा.

गावाचे खरे कागद तालुक्याला असतात. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुने सातबारा, फेरफार आणि जन्म-मृत्यूची रजिस्टरं मिळतात; भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा आणि आकारबंद, म्हणजे प्रत्येक जमिनीचं क्षेत्र आणि सारा यांची नोंद. खोती गाव असेल, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या खोताकडे असलेलं, तर बोटखत हे तिथल्या कुळांचं आणि देण्याचं नोंदपत्रक नक्की मागा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण कोण कुठली जमीन कसत होता आणि खोताला काय देत होता हे कळायला त्याच्याइतका चांगला कागद नाही. नकलेच्या अर्जात आजचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर दोन्ही लिहा. नुसता गट नंबर दिला तर जुनं पान सापडत नाही आणि अर्ज परत येतो.

यातलं बरंचसं मोडी लिपीत असतं. आधी आडवी रेघ मारून अक्षरं तिला लटकवलेली, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे आडनावं घाईने लावू नका. त्याच लेखनिकाचं तेच नाव दुसऱ्या पानावर शोधून ताडून पाहा.

सर्वांत जास्त चुका सालात होतात. पेशवाईच्या कागदावर सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दप्तरातली कालगणना, अरबी शब्दांत असतो, आणि तोही एकं, दहं, शतं असा उलट. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हे साल मृगाला बदलतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ताळा पाहायचा तर पानिपत घ्या: जानेवारीतली लढाई, ११६१ + ६०० = १७६१. शकाचंही तसंच, चैत्र ते डिसेंबर ७८ आणि नंतर फाल्गुनअखेर ७९.

कागद संपतात तिथे दगड बोलतात. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), सतीशिळा, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड) बहुधा देवळाच्या आवारात किंवा गावाच्या शिवेवर असतात. लेख असेल तर भर दुपारी फोटो काढू नका, अक्षरं सपाट दिसतात. सूर्य कलल्यावर काढा, किंवा अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने उजेड टाका. झिजलेली कानामात्राही सावलीने उठून येते. मग बॅटरी पहिल्या दिशेला काटकोनात नेऊन पुन्हा फोटो घ्या, कारण उजेडाच्या दिशेने गेलेली रेघ पहिल्या फोटोत हरवते. शेजारी मोजपट्टी ठेवा. खडू, हळद, तेल दगडाला कधीही लावू नका, आणि शेंदूर खरवडू नका. तो दगड गावाचा देव आहे. गुरवाला आणि मानकऱ्यांना विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही.

म्हाताऱ्या माणसांना ‘कुठल्या साली?’ असं विचारून उपयोग होत नाही. ‘रामदास बोट बुडाली तेव्हा तुम्ही केवढे होता?’ असं विचारा. ती तारीख पक्की आहे, १७ जुलै १९४७. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. धक्क्याला बोट लागायची थांबली, खाडी गाळाने भरली, शेवटचं गलबत लागलं ते या खुणांच्या आधी की नंतर, एवढं कळलं तरी काळ बराच आवळता येतो. मचवा, पडाव, फत्तेमारी हे शब्द सांगणारा जसे वापरेल तसेच टिपा, सगळ्यांचं ‘होडी’ करू नका. आणि प्रत्येक टिपणाखाली तिथल्या तिथे दप्तराचं नाव, रुमाल (कागदांचं कापडी बासन) नंबर, पान आणि तारीख लिहा. नंतर तो रुमाल पुन्हा हाती लागायला दिवस जातात.