एरर मेसेज मोठ्यानं वाचून पाहा, मग टाका

सरकारी योजनेचे, बँकेचे फॉर्म बनवणाऱ्या पोरांनो, आपल्याकडे खेड्यात एरर मेसेज वाचणारा एक असते अन् अडकणारा दुसराच. सेतू केंद्रात फॉर्म भरते ऑपरेटर, शेतकरी बाजूले पासबुक अन् सातबारा घेऊन बसलेला, तो विचारते "काय म्हणते बावा?" अन् स्क्रीनवर नुसतं "इनव्हॅलिड इनपुट" असन तं ऑपरेटर काय सांगन, होत नाही, उद्या या. म्हणून मेसेज आधी मोठ्यानं वाचून पाहा, ऐकणाऱ्याले कळलं पाहिजे काय अडलं अन् आता काय करायचं.

सगळ्यात जास्त घोळ बँकेच्या रकान्यात. आयएफएससी ११ अक्षरांचा, पाचव्या जागी शून्यच असते, पण पासबुकावरचं प्रिंट पुसट, लोक तिथं ओ टाकतात. तुमच्या कोडले हे माहीत आहे ना, मग "चुकीचा कोड" काऊन म्हणता? "पाचव्या जागी ओ नाही, शून्य पाहिजे" लिहा. खरं तं मेसेजच नको, गुपचूप ओचा शून्य करून टाका. आधारचंही तसंच, कार्डावर चार-चार अंकांत जागा सोडून छापलेला असते, लोक पाहून तसाच टाकतात, ती स्पेस तुम्ही काढा, त्यांना ओरडू नका. अन् १२ वा अंक तपासणीचाच असते, एखादा अंक चुकला तं सर्व्हरले न विचारताही कळते, पण कोणता चुकला ते कळत नाही, तेव्हा "एखादा अंक चुकला दिसते, कार्ड पाहून पुन्हा टाका" एवढंच म्हणा.

फोटो मोठा असन तं मर्यादा सांगा, "२०० केबीच्या आत पाहिजे, हा ३ एमबीचा आहे", जमलं तं स्वतःच लहान करून घ्या.

सर्व्हर बंद पडला तं मात्र स्पष्ट कबूल करा की बिघाड आमच्याकडे आहे, तुमचे कागद बरोबर आहेत. नाही तं माणूस उगाच तलाठ्याकडे चकरा मारते. भरलेलं सेव्ह झालं का, पैसे कटले का, हे त्याच मेसेजमध्ये पाहिजे, अन् पेमेंट अडकलं असन तं "पुन्हा पैसे भरू नका" सगळ्यात वर. "थोड्या वेळाने प्रयत्न करा" याचा काय उपयोग, त्याले गावची शेवटची एसटी पकडायची असते, थांबू का जाऊ ते सांगा, अन् वेळ माहीत नसन तं "आज होईल याची खात्री नाही" म्हणा.

नुसती लाल चौकट करून सोडू नका, उन्हात मोबाईलवर काही दिसत नाही, चुकलेल्या रकान्याखालीच शब्दात लिहा. एरर नंबर हेल्पलाइनले सांगायला लागते, तो राहू द्या, पण शेवटच्या ओळीत.