जुना एक्स्चेंज, जुना डोमेन कंट्रोलर : नव्यावर कसं जायचं

चाकण, भोसरी, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत फिरा. स्टोअरशेजारच्या खोलीत बारा-तेरा वर्षं अखंड चालू असलेली सर्व्हरची जोडी कुठेतरी सापडतेच. एकावर विंडोज सर्व्हर 2008 आर2, तोच डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन तपासणारा. दुसऱ्यावर एक्स्चेंज 2010, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर. चाळीस-पन्नास जणांचे मेल आणि लॉगिन त्या दोघांच्या जिवावर. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा,’ असं मालक म्हणतात, आणि त्यामागची भीती मला कळते. पण 2008 आर2 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला आणि एक्स्चेंज 2010 चा 13 ऑक्टोबर 2020 ला. त्याच ऑगस्टमध्ये ‘झीरोलॉगन’ नावाच्या त्रुटीवर पॅच आला. या त्रुटीमुळे नेटवर्कमध्ये शिरलेल्या कुणालाही पासवर्डशिवाय डोमेन कंट्रोलर ताब्यात घेता येत होता. 2008 आर2 साठी मायक्रोसॉफ्टने तो पॅच फक्त वाढीव सपोर्टचे पैसे भरणाऱ्यांना दिला. तुम्ही ते भरले नसतील, तर ते दार आजही उघडं आहे.

नवा सर्व्हर उभा करायला एक दिवस पुरतो. जुन्याला कोण कोण टेकून उभं आहे, हे शोधायला आठवडे लागतात, आणि कामं फसतात ती तिथेच.

आधी वही घ्या

पहिले आठ-दहा दिवस सर्व्हरमध्ये काहीही बदलू नका, फक्त नोंदी करा. एक्स्चेंजच्या रिसीव्ह कनेक्टरवर (मेल आत घेणारं दार) प्रोटोकॉल लॉगिंग चालू करा आणि डोमेन कंट्रोलरवर डीएनएसचं (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) डीबग लॉगिंग. आठवड्याभराने त्या फाइली उघडल्या की आयपी पत्त्यांची यादी हातात येते : कोण मेल पाठवतंय आणि कोण या डीएनएसला नावं विचारतंय. तिथे अकाउंट्सचा स्कॅनर दिसेल, रात्री दोनला रिपोर्ट पाठवणारा ईआरपी दिसेल, यूपीएस, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि गेटवरचं हजेरीचं मशीनही दिसेल. यांना डीएचसीपीकडून आपोआप पत्ते मिळत नाहीत. कुणीतरी कधीकाळी हाताने पत्ते भरले आणि तो माणूस नोकरी सोडून गेला.

शॉप फ्लोअरवर स्वतः जा. एका कारखान्यात सीएनसी मशीनला जोडलेला पीसी एक्सपीवर होता आणि पार्टचे प्रोग्राम डोमेन कंट्रोलरवरच्याच शेअर फोल्डरमधून उचलायचा. तिथल्या सुपरवायझर काकांनी दाखवलं नसतं तर मला तो कुठल्याच यादीत सापडला नसता, कारण तो पीसी डोमेनमध्ये नव्हताच. एक्सपीला एसएमबीची (नेटवर्कवर फायली वाटण्याची पद्धत) फक्त पहिली आवृत्ती येते, आणि सर्व्हर 2019 पासून ती मुळात बसवलेलीच नसते. अशा मशीनसाठी फायली ठेवायची वेगळी, बाकी नेटवर्कपासून तोडलेली जागा करा. त्या एका पीसीसाठी नव्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालू करू नका.

बॅकअप घ्या, तोही ‘सिस्टिम स्टेट’सकट (त्यात डोमेनची सगळी माहिती असते), आणि तो बाजूला एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर उतरवून बघा. न उतरवलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही. व्हर्च्युअल डोमेन कंट्रोलरचा स्नॅपशॉट घेऊन ‘बिघडलं तर मागे जाऊ’ असं मनातही आणू नका. 2008 आर2 ला स्नॅपशॉटवरून मागे नेलं तर त्याचे आणि बाकीच्या कंट्रोलरचे बदलांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि रेप्लिकेशन (कंट्रोलरमधली माहितीची देवाणघेवाण) गुपचूप तुटतं.

थेट उडी का मारता येत नाही

एक्स्चेंज 2010 आणि 2019 एका कंपनीच्या मेल व्यवस्थेत एकत्र नांदत नाहीत. 2019 चं सेटअप पुढेच जात नाही. मधला थांबा एक्स्चेंज 2016 चा. त्याचा सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, 2019 चाही त्याच दिवशी. म्हणजे आज मुक्काम आहे एक्स्चेंज सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशनचा, जी जुलै 2025 मध्ये आली. 2016 वर रात्रभर टेकायचं आणि सकाळी निघायचं, तिथे घर मांडायचं नाही.

डोमेन कंट्रोलरचंही तसंच. एक्स्चेंज 2010 जिवंत आहे तोवर विंडोज सर्व्हर 2019 किंवा 2022 चा कंट्रोलर आणू नका, त्यांच्यासोबत एक्स्चेंज 2010 चालवायला मान्यता नाही. सर्व्हिस पॅक 3 चा शेवटचा रोलअप (एकत्रित अपडेट) बसवलेला 2010 मात्र सर्व्हर 2016 च्या कंट्रोलरसोबत चालतो. म्हणून क्रम असा : 2016 चा कंट्रोलर, एक्स्चेंज 2016, जुन्या दोघांना निरोप, मग 2022 चा कंट्रोलर आणि सबस्क्रिप्शन एडिशन.

पन्नासच्या आत मेलबॉक्स असतील तर मालकांना एकदा सरळ विचारा, स्वतःचा मेल सर्व्हर खरंच हवाय का? मेल क्लाउडवर गेले तर अर्धा रस्ता वाचतो. माझं मत तिकडेच झुकतं. पण इंटरनेटची लाइन भरवशाची नसेल, किंवा ग्राहकाने मेल आवारातच ठेवायची अट घातली असेल, तर पुढचं वाचा. डोमेन कंट्रोलरचा भाग दोघांनाही लागणारच.

नवा डोमेन कंट्रोलर

आधी जुन्याची तब्येत बघा. डीसीडायग आणि रेपअॅडमिन या दोन आज्ञा चालवा आणि लाल दिसेल ते सगळं निस्तरा. आजारी डोमेनमध्ये नवा कंट्रोलर आणला तर तोही आजारीच जन्मतो.

मग सिसव्हॉल, म्हणजे पॉलिसी आणि लॉगिन स्क्रिप्ट ठेवणारा, सगळ्या कंट्रोलरवर सारखा राहणारा फोल्डर. डोमेन 2003 च्या काळापासून चालत आलं असेल तर सिसव्हॉल अजून एफआरएस या जुन्या रेप्लिकेशन पद्धतीने फिरत असण्याची दाट शक्यता. सर्व्हर 2019 आणि त्यापुढचे एफआरएस ओळखतच नाहीत. डीएफएसआरमिग या आज्ञेने तीन टप्प्यांत डीएफएसआर या नव्या पद्धतीवर जायचं : तयार, वळवलेलं, जुनं काढलेलं. प्रत्येक टप्प्यानंतर सगळे कंट्रोलर तिथे पोचल्याची खात्री करा. पहिल्या दोन टप्प्यांवरून मागे येता येतं, तिसऱ्यावरून नाही. मी दुसऱ्या टप्प्यावर दोन-तीन दिवस थांबतो.

आता सर्व्हर 2016 डोमेनमध्ये घ्या, कंट्रोलर करा, ग्लोबल कॅटलॉगची (डोमेनमधल्या सगळ्यांची शोधसूची) खूण ठेवा. एक्स्चेंजच्या अॅप्लिकेशन लॉगमध्ये 2080 क्रमांकाची नोंद शोधा. एक्स्चेंजला कोणते कंट्रोलर दिसताहेत ते तीत लिहिलेलं असतं. नवा तिथे दिसला की पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) त्याच्याकडे द्या. स्मॉल बिझनेस सर्व्हर 2011 (कंट्रोलर आणि एक्स्चेंज एकाच सर्व्हरवर देणारी आवृत्ती) असेल तर मात्र घाई नको. त्याला पाचही रोल स्वतःकडेच हवे असतात, ते काढून घेतले की ठरलेल्या मुदतीनंतर तो स्वतःहून बंद पडू लागतो. तिथे रोल अगदी शेवटी हलवा.

रोल गेले की घड्याळ लावा. पीडीसी एम्युलेटर (त्या पाचांतला एक रोल) ज्याच्याकडे आहे त्याच्या घड्याळावर सगळं डोमेन चालतं, आणि पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरोस ही ओळख तपासणारी यंत्रणा लॉगिन नाकारते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशात एनआयसी (नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर) किंवा एनपीएलच्या (नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी) वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलं आहे, तेच सर्व्हर इथे द्या. त्याच आदेशानुसार लॉग 180 दिवस ठेवायचे असतात, तेव्हा जुन्या सर्व्हरचे लॉगही डिस्क पुसण्याआधी काढून ठेवा.

एक्स्चेंज

इथली एक चूक मी स्वतः केली आहे. एक्स्चेंज 2016 बसवायला घेतला बुधवारी दुपारी, जेवणानंतर. कुणाचाही मेलबॉक्स हलवला नव्हता, म्हणून निर्धास्त होतो. अडीचच्या सुमारास क्वालिटीच्या मॅडमचा फोन आला, ‘सर, आउटलुक सर्टिफिकेटचं काहीतरी विचारतंय, यस करू का?’ पाच मिनिटांत पूर्ण ऑफिसात तीच खिडकी. कारण असं की नवा एक्स्चेंज बसताक्षणी ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला मेल सर्व्हर शोधून देणारी सोय) स्वतःचा पत्ता अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनची नोंदवही) नोंदवतो. आउटलुक त्याला विचारायला जातं आणि तिथे असतं त्याने स्वतःच बनवलेलं, कुणाच्या विश्वासातलं नसलेलं सर्टिफिकेट.

म्हणून एक्स्चेंज बसवायचा शनिवारी रात्री. सेटअप संपल्याबरोबर, चहालाही न उठता, सेट-क्लायंटअॅक्सेससर्व्हिस या आज्ञेने तो ऑटोडिस्कव्हरचा पत्ता जुन्यासारखा करा. मग जुन्यावरचं सर्टिफिकेट खासगी किल्लीसकट बाहेर काढून नव्यात घाला, आणि सगळ्या व्हर्च्युअल डिरेक्टरींना (वेबमेल, मोबाइल वगैरेंचे पत्ते) पूर्वीचंच नाव द्या.

यानंतर डीएनएसमधलं मेलचं नाव नव्या सर्व्हरकडे वळवा. ज्यांचे मेलबॉक्स अजून 2010 वर आहेत त्यांना 2016 स्वतःच मागे पोचवतो. फक्त त्याआधी 2010 वर आउटलुक एनीव्हेअर (आउटलुकला एचटीटीपीवरून जोडणारी सोय) चालू करून एनटीएलएम या लॉगिन पद्धतीची परवानगी द्यायला विसरू नका. आउटलुक 2007 कुठे उरलं असेल तर ते आत्ताच बदला, 2016 त्याला दारात उभं करत नाही.

मेलबॉक्स हलवताना पहिल्यांदा सिस्टिमचे, मग तुमचा स्वतःचा, मग दोन समजूतदार सहकाऱ्यांचे. दोन दिवस बघा. बाकीचे वीस-वीसच्या गठ्ठ्यात रात्री चढवा. शंभर जीबी मेल हलवले तर नव्या सर्व्हरवर साधारण तेवढेच ट्रान्झॅक्शन लॉग (प्रत्येक बदलाच्या नोंदी) साठतात. लॉगची डिस्क भरली की डेटाबेस उतरतो आणि सगळ्यांचे मेल थांबतात. त्यामुळे गठ्ठ्यागणिक बॅकअप घ्या म्हणजे लॉग कापले जातील, किंवा हलवण्यापुरतं सर्क्युलर लॉगिंग (जुने लॉग आपोआप पुसत जाणारी सोय) चालू ठेवा आणि नंतर आठवणीने बंद करा. मालकांचा मेलबॉक्स बहुधा सर्वांत मोठा असतो, त्याला रविवार द्या.

सेंड कनेक्टरमध्ये (मेल बाहेर पाठवणारं दार) नवा सर्व्हर जोडा, फायरवॉलवर 25 नंबरचं पोर्ट त्याच्याकडे वळवा. बाहेरचा आयपी बदलणार असेल तर एसपीएफ आणि पीटीआर (मेल पाठवणाऱ्याची खात्री पटवणाऱ्या डीएनएस नोंदी) आधीच दुरुस्त करा, नाहीतर तुमची बिलं ग्राहकाच्या स्पॅममध्ये जातील. आता वही काढा आणि स्कॅनर, ईआरपी, यूपीएस एकेक करून नव्या पत्त्यावर न्या. प्रत्येकावरून एक मेल पाठवून बघा. रिले (यंत्रांना या सर्व्हरमार्फत मेल पाठवायची मुभा) उघडताना फक्त त्या यादीतल्या पत्त्यांना परवानगी द्या, पूर्ण नेटवर्कला नाही.

जुन्यांचा निरोप

एक्स्चेंज 2010 ची वायर काढून मोकळं होऊ नका. तो कंट्रोल पॅनलमधून रीतसर अनइन्स्टॉल करायचा असतो, नाहीतर अॅक्टिव्ह डिरेक्टरीत त्याचं भूत राहतं आणि पुढच्या प्रत्येक सेटअपला आडवं येतं. सेटअप नकार देईल, ‘अमुक मेलबॉक्स अजून आहे, तमुक पब्लिक फोल्डर आहे’ म्हणून. ती यादी तुमच्याच भल्याची आहे, एकेक सोडवा. एक्स्चेंज आणि कंट्रोलर एकाच मशीनवर असतील तर एक्स्चेंज पूर्ण निघेपर्यंत कंट्रोलरच्या पदाला हात लावायचा नाही.

जुन्या कंट्रोलरला पदावरून उतरवण्याआधी तो नुसता बंद करून ठेवा, कामाचे पाच-सहा दिवस. काही अडलं तर बटण दाबलं की परत हजर. त्या कारखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवर कामगारांची रांग लागली. बोट लावूनही हजेरी ऑफिसात पोचत नव्हती. मशीनमध्ये दुसरा डीएनएस म्हणून तोच जुना पत्ता भरलेला होता, आणि माझ्या वहीत मी फक्त पहिला लिहिला होता.

आठवडा शांत गेला की जुना चालू करा, रेप्लिकेशन नीट झाल्याचं बघा, आणि मग डीसीप्रोमो या आज्ञेने उतरवा. डीएनएसमधल्या त्याच्या नावाच्या नोंदी काढा, डीएचसीपीतून त्याचा पत्ता काढा. शक्य असेल तर तोच आयपी नव्या कंट्रोलरला जोडीचा म्हणून द्या, एखादं विसरलेलं यंत्र अजूनही तिथे विचारत असेल. फॉरेस्टची, म्हणजे पूर्ण अॅक्टिव्ह डिरेक्टरीची, फंक्शनल लेव्हल (ती कुठल्या आवृत्तीच्या सोयी वापरते) आता 2016 पर्यंत चढवा. सबस्क्रिप्शन एडिशनला किमान 2012 आर2 लागते.

पुढचा टप्पा आधीच्याच पावलांवर चालतो, फक्त आता वही तयार असते. 2022 चा कंट्रोलर आणा आणि रोल त्याच्याकडे द्या. सबस्क्रिप्शन एडिशन वेगळ्या मशीनवर बसवा, पुन्हा शनिवारी रात्री, आणि पुन्हा ऑटोडिस्कव्हरचा पत्ता सगळ्यात आधी. 2016 वर हा टप्पा लांबू देऊ नका; पहिला गठ्ठा हलवतानाच पुढच्या महिन्यातले दोन शनिवार मालकांकडून लिहून घ्या.